चढत्या इष्ट तापमानाचे नियंत्रण : घड्याळ आणि भट्टी यांचा मेळ

१. विषयप्रवेश

भट्टीचे तापमान एका ठरावीक अंकावर स्थिर राखणे हा नियंत्रणशास्त्रातील प्राथमिक व आता पुष्कळ अंशी सुटलेला प्रश्न समजला जातो. परंतु उद्योगधंद्यांतील बऱ्याच प्रक्रियांचे स्थिर तापमानाने भागत नाही. चिनीमातीच्या भांड्यांतील क्वार्ट्झचे स्फटिकरूप ५७३ अंश सेल्सिअसच्या सुमारास बदलते व त्याबरोबर त्याचे आकारमानही एकाएकी बदलते. निववताना हा टापू घाईने ओलांडला तर भांडे तडकते. काच सावकाश निवली नाही तर तिच्या अंगात ताण अडकून राहतात. जाड पोलादी पत्र्याचे, वेल्ड करून जोडलेले दाबपात्र ताणमुक्तीसाठी तापविताना त्याच्या निरनिराळ्या भागांच्या तापमानांत फार अंतर पडू देता येत नाही. अशा ठिकाणी ‘किती तापवावयाचे’ ह्या प्रश्नाइतकाच ‘किती वेगाने तापवावयाचे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ह्यासाठी नियंत्रकाला द्यावयाचे इष्ट तापमान, म्हणजे कारखान्यांत ज्याला सेटपॉइंट म्हणतात तो अंक, स्थिर न ठेवता काळाबरोबर चढता किंवा उतरता ठेवतात. चढणीच्या ह्या भागास ‘रॅम्प’ आणि चढून गेल्यावर तापमान धरून ठेवण्याच्या भागास ‘सोक’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात त्यांस अनुक्रमे ‘चढण’ आणि ‘धारणा’ म्हटले आहे. पूर्वी हे काम घड्याळी मोटरवर फिरणारी तबकडी करीत असे. इच्छित आलेखाबरहुकूम तबकडीची कड कापून घेत, आणि कडेवर टेकलेला दांडा वर-खाली होऊन नियंत्रकाचे इष्ट तापमान बदलीत असे. १९६९ साली मोडिकॉन ०८४ हा पहिल्या पिढीतील प्रोग्रॅमेबल कंट्रोलर बाजारात आला, तेव्हा त्याचे काम रिले-फलकांची जागा घेणे एवढेच होते. पुढे त्याच्यात अंकगणित आले, पी. आय. डी. नियंत्रण आले, आणि कापलेल्या तबकडीची जागा स्मृतीतल्या चार-दोन संख्यांनी घेतली.

ह्या बदलाने सोय झाली ह्यात शंका नाही. परंतु चढण लिहिणे इतके सुलभ झाल्यामुळे तिच्यामागील अट दृष्टीआड होण्याचा संभव असतो. ती अट अशी की, चढणीच्या कार्यक्रमात तापमानाप्रमाणेच काळ ही देखील नियंत्रित करावयाची राशी आहे. जो कार्यक्रम फक्त घड्याळाचे ऐकतो, त्याच्या आलेखावर सर्व काही यथास्थित दिसत असताना भट्टीतील धातूला मात्र हवी ती उष्णता मिळालेली नसते. हे कसे घडते व ते कसे टाळावे, हे एका ठोस उदाहरणाच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. उदाहरणासाठी घेतलेली भट्टी

साध्या कार्बन-पोलादाचे, दोन इंच म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर जाडीचे दाबपात्र घेऊ. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स ह्या संस्थेच्या दाबपात्र-संहितेच्या आठव्या विभागात वेल्डनंतरच्या उष्णतोपचाराचे नियम दिलेले आहेत. त्यांनुसार ४२५ अंशांच्या वर तापवण्याचा वेग ताशी २२२ अंशांस इंचांतील जाडीने भागून येईल त्याहून अधिक असू नये; आपल्या पात्रापुरती ही मर्यादा ताशी १११ अंश होते. धारणेचे किमान तापमान ५९५ अंश असून दर इंच जाडीस एक तास, म्हणजे येथे दोन तास, धारणा आवश्यक आहे. निववतानाची मर्यादा ताशी २८० अंशांस जाडीने भागून, म्हणजे ताशी १४० अंश, येते. आपण ६२० अंशांवर धारणा करावयाचे ठरवू आणि मर्यादेच्या आत राहण्यासाठी चढणीचा वेग ताशी ९० अंश, म्हणजे मिनिटास दीड अंश, घेऊ. ४२५ पासून ६२० पर्यंतची १९५ अंशांची चढण ह्या हिशेबाने १३० मिनिटांत पुरी व्हावयास हवी.

भट्टी विद्युत्-रोधांनी तापणारी आहे असे मानू. तिचे वर्णन तीन संख्यांनी करता येते. पहिली लाभांक : दर एक टक्का शक्तीमागे भट्टी अखेरीस ८ अंशांनी तापते, म्हणजे पूर्ण शक्तीवर ती भोवतालच्या ३० अंशांपेक्षा ८०० अंशांनी वर जाऊ शकते. दुसरी कालांक, १२० मिनिटे. आणि तिसरी विलंबकाल, ५ मिनिटे. हे रूप अर्थातच ढोबळ आहे. प्रारणाने होणारा उष्णताऱ्हास तापमानाच्या चतुर्थ घाताने वाढतो, आणि भट्टीतील मालाप्रमाणे कालांक बदलतो. तथापि पुढील विवेचनाचा गाभा ह्या ढोबळपणाने बाधित होत नाही.

नियंत्रक प्रमाणात्मक व समाकलक अशा दोन क्रियांचा घेऊ. त्याचा लाभांक दर अंशास दीड टक्का आणि समाकलनकाल ४० मिनिटे आहे. वरील भट्टीला हे अंक सावध परंतु योग्य असेच आहेत.

३. पिछाडी आणि अतिक्रम : मेळणीचा दोष की हिशेबाचा परिणाम?

इष्ट तापमान स्थिर असेल तर समाकलक क्रियेमुळे त्रुटी अखेरीस शून्य होते, हे सर्वश्रुत आहे. इष्ट तापमान एकसारख्या वेगाने चढत असेल तर तसे होत नाही. भट्टी जसजशी तापते तसतसा उष्णताऱ्हास वाढतो, आणि त्याची भरपाई करण्यासाठी शक्तीही सतत वाढावी लागते. शक्ती सतत वाढविण्याचे काम समाकलक करतो. परंतु समाकलकाचे फलित वाढत राहावयाचे तर त्याच्या तोंडाशी काही ना काही त्रुटी सतत असावीच लागते. म्हणून भट्टी इष्ट तापमानाच्या मागे एका ठरावीक अंतराने चालत राहते. हे अंतर पुढील सूत्राने मिळते :

पिछाडी = चढणीचा वेग × समाकलनकाल ÷ (नियंत्रकाचा लाभांक × भट्टीचा लाभांक)

आपल्या अंकांनी ही पिछाडी १·५ × ४० ÷ (१·५ × ८), म्हणजे बरोबर ५ अंश येते. चढण दुप्पट वेगाची केली तर पिछाडीही दुप्पट होईल. अनुभवी तंत्रज्ञसुद्धा कित्येकदा ह्या पिछाडीस मेळणीतील दोष समजून अंक बदलीत बसतात. अंक बदलून ती कमी करता येते, पण समाकलक एकच असेपर्यंत ती नाहीशी होत नाही.

ह्याहून अधिक बोधप्रद गोष्ट चढण संपण्याच्या कोपऱ्यावर घडते. चढताना भट्टीला दोन प्रकारची शक्ती लागते : एक उष्णताऱ्हास भरून काढण्यासाठी, दुसरी भिंतींत व मालात उष्णता साठविण्यासाठी. ६२० अंशांवर ऱ्हासासाठी ५९० ÷ ८, म्हणजे सुमारे ७३·७५ टक्के शक्ती लागते. मिनिटास दीड अंशाच्या चढणीसाठी साठवणीची शक्ती १·५ × १२० ÷ ८, म्हणजे २२·५ टक्के लागते. एकूण बेरीज ९६·२५ टक्के. चढण संपताच साठवणीच्या २२·५ टक्क्यांची गरज संपते. त्रुटी ५ अंशांवरून शून्यावर आली की प्रमाणात्मक भागातून ७·५ टक्के आपोआप कमी होतात. उरलेले १५ टक्के समाकलकाने सोडावे लागतात. समाकलकाला आपले फलित कमी करण्याचा एकच मार्ग उपलब्ध आहे : तापमान इष्टाच्या वर जाणे. दर अंश-मिनिटास तो १·५ ÷ ४० टक्के सोडतो. तेव्हा १५ टक्के सोडण्यासाठी वजावटीनंतर ४०० अंश-मिनिटांचे अतिक्रमण झालेच पाहिजे. ते १० अंशांचे ४० मिनिटे होईल किंवा ५ अंशांचे ८० मिनिटे होईल. परंतु टळणार नाही.

ह्यावरून असे दिसते की, कोपऱ्यावरील अतिक्रम हा केवळ मेळणीच्या कौशल्याचा प्रश्न नाही. उपाय म्हणून साठवणीची शक्ती समाकलकावर न सोपविता वेगळी द्यावी. चढणीचा वेग नियंत्रकाला आधीच ठाऊक असतो. त्यास कालांक व लाभांक यांच्या गुणोत्तराने, म्हणजे येथे १५ ने, गुणून येणारे २२·५ टक्के चढण सुरू होताच सरळ जोडावेत आणि ती संपताच काढून घ्यावेत. ह्यास अग्रपूरण म्हणता येईल. समाकलकाने जे साठविलेच नाही ते सोडण्याचीही त्याला गरज उरत नाही. भट्टीच्या अंकांत चूक असली तर तेवढ्या फरकापुरतेच समाकलकाला काम पडते. विलंबकालाचा भाग मात्र उरतोच. म्हणून कोपऱ्याच्या किंचित आधी ही पूरक शक्ती काढून घेणे अधिक इष्ट.

निववण्याच्या भागाविषयी येथेच एक गोष्ट नोंदवावी. शक्ती संपूर्ण बंद केली तर ही भट्टी ६२० अंशांवर ताशी सुमारे २९५ अंशांच्या वेगाने निवू लागेल; संहितेची मर्यादा १४० आहे. म्हणजे भट्टी निववतानाही तापवीत राहावी लागते. ताशी १२० अंशांची उतरण हवी असल्यास आरंभी सुमारे ४४ टक्के शक्ती चालू ठेवणे आवश्यक आहे. ‘धारणा संपली की भट्टी बंद’ असा कार्यक्रम लिहिणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

४. भट्टीला न झेपणारी चढण

आतापर्यंत शक्ती पुरेशी आहे असे गृहीत धरले. ९६·२५ टक्के हा आकडा पाहिल्यावर ते गृहीत किती नाजूक आहे हे ध्यानात येईल. रोधांत उत्पन्न होणारी उष्णता विद्युत्-दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब १० टक्क्यांनी उतरला तर शक्ती ८१ टक्के उरते, १५ टक्क्यांनी उतरला तर सुमारे ७२ टक्के. दाबाचे असे चढउतार औद्योगिक वसाहतींना अपरिचित नाहीत.

दाब १० टक्क्यांनी उतरलेला आहे आणि कार्यक्रम केवळ घड्याळावर चालतो आहे असे समजू. पिछाडी व विलंबकाल तूर्त बाजूस ठेवले तर ४९८ अंशांपर्यंत भट्टी चढणीबरोबर चालते. त्यानंतर पूर्ण शक्ती देऊनही मिनिटास दीड अंश हा वेग तिला साधत नाही. इष्ट तापमान मात्र सरळ रेषेत पुढे जाते. १३० व्या मिनिटास इष्ट तापमान ६२० वर पोहोचते, तेव्हा भट्टी ५८७ अंशांवर असते. धारणेचे घड्याळ त्याच क्षणी सुरू होते. ५९५ अंश गाठावयास भट्टीला आणखी सुमारे १२ मिनिटे लागतात. म्हणजे दोन तासांच्या धारणेतून तेवढी मिनिटे संहितेच्या दृष्टीने वाया गेली.

दाब १५ टक्क्यांनी उतरला असेल तर चित्र फारच पालटते. भट्टी जवळजवळ आरंभापासूनच मागे पडते. धारणेचे घड्याळ सुरू होते तेव्हा ती ५४६ अंशांवर असते. दोन तासांची धारणा संपते तेव्हा ती ५८५ अंशांपर्यंतच पोहोचलेली असते. धारणेच्या संपूर्ण काळात एक क्षणही किमान तापमान गाठले गेले नाही, तरीही कार्यक्रम पूर्ण झाला, दिवा हिरवा झाला आणि पुढील उतरण सुरू झाली. इष्ट तापमानाचा आलेख ह्या दिवशीही निर्दोषच असतो. पात्राच्या सांध्यांतील ताण गेले किंवा नाही, ह्याचे उत्तर त्या आलेखात नाही.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. धारणा सुरू होताना भट्टी ५४६ अंशांवर असताना विद्युत्-दाब पूर्ववत् झाला असे मानू. त्रुटी ७४ अंशांची आहे. केवळ प्रमाणात्मक भागच १११ टक्के शक्ती मागतो. भट्टी पूर्ण शक्तीने धावू लागते व तिचा वेग ताशी सुमारे १४२ अंश होतो. मर्यादा तर १११ आहे. म्हणजे जो कार्यक्रम चढणीचा वेग मर्यादेत ठेवण्यासाठी लिहिला, त्यानेच ती मर्यादा मोडली. समाकलकाची फुगवट रोखण्याची जी योजना बहुतेक नियंत्रकांत असते, ती येथे पुरी पडत नाही. ती समाकलकाला आवरते. पुढे निघून गेलेल्या इष्ट तापमानाला आवरीत नाही.

५. घड्याळाने थांबणे

ह्या सर्व अनर्थाचे मूळ एकच आहे. भट्टी मागे पडली तरी घड्याळ पुढे जाते. उपायही त्यातूनच निघतो : भट्टी ठरावीक अंतरापेक्षा अधिक मागे पडली तर चढणीचे घड्याळ थांबवावे आणि ती जवळ आली की पुन्हा चालू करावे. ह्यास युरोथर्मच्या नियंत्रकांत ‘होल्डबॅक’ असे नाव आहे. रॉकवेल ऑटोमेशनच्या लॉजिक्स मालिकेतील आर. एम. पी. एस. ह्या सूचनेत हमीची चढण व हमीची धारणा असे दोन स्वतंत्र पर्याय दिलेले आहेत. जेथे तयार सूचना नाही तेथे ही योजना चार-पाच ओळींत लिहिता येते. अवघड आहे ती तिच्यातील अंकांची निवड.

थोपवण्याचे अंतर किती असावे? ते फार मोठे असले तर योजनेचा उपयोग नाही. ते फार लहान, म्हणजे तिसऱ्या विभागात काढलेल्या पिछाडीपेक्षा लहान असले, तर सर्व काही सुरळीत असतानाही घड्याळ वारंवार अडखळेल. आपल्या भट्टीत ५ अंशांची पिछाडी स्वाभाविक आहे. कोणी ‘अचूकपणासाठी’ थोपवण्याचे अंतर ३ अंश ठेवले तर चढण जिन्याच्या पायऱ्यांसारखी होईल आणि तिचा सरासरी वेग मागितलेल्यापेक्षा बराच उतरेल. म्हणून थोपवण्याचे अंतर पिछाडीच्या दुपटी-तिपटीएवढे, येथे समजा १५ अंश, ठेवणे योग्य. शिवाय ६२० मधून १५ वजा केल्यावर उरणारे ६०५ अंश हे ५९५ च्या किमान मर्यादेहून वर राहतात, हेही पाहिले पाहिजे. धारणेचे तापमान ६०० ठेवले असते तर १५ अंशांचे अंतर चालले नसते.

आता १० टक्के उतरलेल्या दाबाचे उदाहरण पुन्हा पाहू. थोपवण्याची योजना असताना धारणेचे घड्याळ भट्टी ६०५ अंशांवर आल्याखेरीज सुरू होत नाही. ह्यास आरंभापासून सुमारे १५७ मिनिटे लागतात. म्हणजे कार्यक्रम २७ मिनिटांनी लांबतो. त्यानंतरची दोन तासांची धारणा मात्र खरी धारणा असते. अर्ध्या तासापेक्षाही कमी काळाची ही किंमत आहे.

१५ टक्क्यांच्या उदाहरणात वेगळी अडचण दिसते. त्या शक्तीवर भट्टी अखेरीस ६०८ अंशांपर्यंतच जाऊ शकते, आणि ६०५ गाठण्यास तिला आठ तासांहून अधिक काळ लागेल. म्हणून थांबण्यालाही मर्यादा असावी. एका ठरावीक काळानंतर धोक्याची सूचना मिळाली पाहिजे आणि निर्णय माणसाकडे गेला पाहिजे. जो कार्यक्रम मुकाट्याने पुढे जातो तो जसा सदोष, तसाच जो मुकाट्याने थांबून राहतो तोही सदोषच होय.

भट्टीत थर्मोकपल एकच नसते, ही गोष्टही येथे विचारात घ्यावी लागते. संहिता तापवताना ४·६ मीटर लांबीच्या अंतरात १४० अंशांपेक्षा अधिक फरक पडू देत नाही. तेव्हा पात्रावर अनेक ठिकाणी थर्मोकपल बसवावे लागतात. त्यांतील कोणत्यावर घड्याळ थांबवावे? धारणा सुरू करण्याचा निर्णय सर्वांत थंड बिंदूवर घ्यावा, कारण तेथील सांध्यालाही पुरते तापमान मिळाले पाहिजे. चढणीच्या वेगाची मर्यादा मात्र सर्वांत वेगाने तापणाऱ्या बिंदूवर तपासावी. सर्वांची सरासरी घेऊन दोन्ही निर्णय करण्याची पद्धत सोपी असली तरी ती दोन्ही बाजूंनी फसवी आहे.

६. चढणीचे अंकगणित

तबकडीची कापलेली कड आपला उतार आपोआप बदलीत नसे. संख्यांनी लिहिलेली चढण तो बदलू शकते, आणि तेही कोणाच्या लक्षात न येता. ह्याची दोन उदाहरणे देतो. दोन्हींसाठी चार इंच जाडीचा पत्रा घेऊ. त्याची वेगमर्यादा ताशी सुमारे ५५·५ अंश येते आणि आपण ताशी ५५ अंश मागितले आहेत.

पहिले उदाहरण पूर्णांकी गणिताचे. तापमान अंशाच्या दशांशांत, पूर्णांक म्हणून साठविलेले आहे. ६२० अंश म्हणजे ६२००. दर सेकंदास इष्ट तापमान वाढवावयाचे तर वाढ ५५० ÷ ३६००, म्हणजे ०·१५ च्या आसपास येते. पूर्णांकी भागाकारात तिचे शून्य होते, आणि चढण सुरूच होत नाही. हा दोष निदान लगेच दिसतो. दर दहा सेकंदांनी वाढ केली तर १·५३ चा १ होतो आणि चढण ताशी ५५ ऐवजी ३६ अंशांची होते. हा दोष लगेच दिसत नाही.

दुसरे उदाहरण अधिक फसवे आहे. पूर्णांकांचा हा धोका ओळखून पुष्कळ जण ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्या वापरतात व निश्चिंत होतात. नियंत्रकाचे चक्र १० सहस्रांश सेकंदांचे आहे, आणि दर चक्रास इष्ट तापमानात थोडी वाढ केली जाते असे समजू. ताशी ५५ अंशांसाठी ही वाढ ०·०००१५२८ अंश होते. ह्या संख्याप्रकारात २४ द्विमान अंकांची अचूकता असते. म्हणून २५६ ते ५१२ ह्या टापूत लगतच्या दोन संख्यांमधील अंतर १ ÷ ३२७६८ असते, आणि ५१२ ते १०२४ ह्या टापूत ते दुप्पट, म्हणजे १ ÷ १६३८४ होते. ५१२ च्या खाली आपली वाढ ह्या अंतराच्या ५·००६ पट आहे. ती ५ पट धरली जाते व चढणीचा वेग ताशी ५४·९ अंश पडतो. हे ठीकच आहे. ५१२ च्या वर तीच वाढ नव्या अंतराच्या २·५०३ पट होते. नजीकच्या पूर्ण संख्येकडे झुकून ती ३ पट धरली जाते, आणि चढणीचा वेग ताशी ६५·९ अंश होतो. एकही अंक न बदलता, कोणतीही सूचना न मिळता, बरोबर ५१२ अंशांवर चढण सुमारे २० टक्क्यांनी तीव्र होते व मर्यादा ओलांडते. कारण भट्टीत शोधावयास गेल्यास ते कधीच सापडणार नाही.

दोन्ही दोषांवरील उपाय एकच आहे. इष्ट तापमान थोडेथोडे वाढवीत नेऊ नये. चढणीच्या आरंभीचे तापमान आणि आरंभापासून लोटलेला काळ हे दोन जतन करावेत, काळ पूर्णांकी सहस्रांश सेकंदांत मोजावा, आणि प्रत्येक वेळी आरंभीच्या तापमानात वेग व काळ यांचा गुणाकार मिळवून इष्ट तापमान नव्याने काढावे. मग एका चक्रातील चूक पुढील चक्रात साठत नाही. ह्या मांडणीचा आणखी एक लाभ असा की, घड्याळ थोपवावयाचे म्हणजे फक्त लोटलेल्या काळाची मोजणी थांबवावयाची. वेगळे काहीच करावे लागत नाही.

७. आरंभ, खंड आणि नोंद

चढणीचा आरंभ नेहमी भट्टीच्या प्रत्यक्ष तापमानापासून व्हावा. आधीच्या फेरीमुळे भट्टी अजून गरम असेल आणि कार्यक्रम ३० अंशांपासून सुरू होत असेल, तर इष्ट तापमान भट्टीपर्यंत वर येईतो शक्ती बंद राहते. आधी निवणे व मग तापणे असा व्यर्थ हेलकावा मालाला सोसावा लागतो.

वीज खंडित होऊन परत आल्यावर काय करावे, हा प्रश्न त्याच जातीचा परंतु अधिक गंभीर आहे. लोटलेला काळ कायम राहणाऱ्या स्मृतीत ठेवला असेल तर नियंत्रक चढण जेथे सोडली तेथून पुढे चालू ठेवतो. मध्यंतरी भट्टी मात्र निवलेली असते, आणि चौथ्या विभागातील पाठलाग पुन्हा सुरू होतो. योग्य रीत अशी : वीज आल्यावर प्रत्यक्ष तापमान हा नवा आरंभबिंदू मानावा, वेग पूर्वीचाच ठेवावा, आणि धारणेत खंड पडला असल्यास तापमान पुन्हा गाठल्यावरच उरलेली धारणा मोजावी. खंडित धारणेच्या तुकड्यांची बेरीज ग्राह्य धरावी किंवा नाही, हा धातुशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नियंत्रकाने परस्पर देऊ नये.

शेवटी नोंदीविषयी. नोंदपत्रावर इष्ट तापमानाबरोबर प्रत्येक थर्मोकपलचे तापमान, घड्याळ थोपविल्याचे क्षण व दिलेली शक्ती असावी. चढणीचा प्रत्यक्ष वेग एका सेकंदाच्या फरकावरून काढू नये. ताशी ५५ अंशांच्या वेगाने सेकंदास ०·०१५ अंश वाढतो, आणि तेवढा फरक थर्मोकपलच्या क्षीण संकेतातील गोंधळात बुडून जातो. दहा मिनिटांत सुमारे ९ अंश वाढतात. तेवढ्या अंतरावर काढलेला वेग विश्वसनीय असतो. शक्तीची नोंद विशेष उपयुक्त होय. ती बराच वेळ १०० टक्क्यांवर टेकलेली दिसली तर भट्टी नियंत्रणाखाली नव्हती, एवढे त्या एका रेषेवरून कळते.

८. उपसंहार

पी. आय. डी. नियंत्रकाची मेळणी हा विषय आपल्या अभ्यासक्रमात बराच विस्ताराने शिकविला जातो. १९४२ साली झीग्लर आणि निकोल्स यांनी दिलेल्या नियमांपासून अनेक पद्धती विद्यार्थ्यांना अवगत असतात. ह्या पद्धती प्रायः इष्ट तापमान स्थिर आहे व शक्ती अमर्याद आहे असे धरून चालतात. चढत्या इष्ट तापमानात ह्या दोन्ही गृहीतांची कसोटी लागते. म्हणून चढण लिहिण्यापूर्वी चार हिशेब कागदावर करावेत : भट्टीला तो वेग सर्व तापमानांवर झेपतो काय, स्वाभाविक पिछाडी किती, थोपवण्याचे अंतर त्या पिछाडीहून मोठे व धारणेच्या मर्यादेत बसणारे आहे काय, आणि निवडलेल्या संख्याप्रकारात तो वेग खरोखर व्यक्त होतो काय. ह्यांस अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

ताणमुक्त न झालेला सांधा बाहेरून इतर सांध्यांसारखाच दिसतो. त्याच्यावर विश्वास टाकून पात्र दाबाखाली येते, आणि त्याच्याजवळ माणसे काम करतात. त्या विश्वासाला आधार म्हणून त्यांच्याजवळ एक आलेख असतो. तो आलेख भट्टीने काढलेला असावा, घड्याळाने नव्हे, एवढी खबरदारी घेणे हे कार्यक्रम लिहिणाराचे पहिले कर्तव्य होय.